जन्माने श्रेष्ठ की कर्तृत्वाने? : ॲनिमेतील प्रतिस्पर्धी, नीत्शे आणि आंबेडकर

ॲनिमेतील प्रतिस्पर्ध्यांच्या जोड्या नीत्शेच्या आधाराने वाचण्याचा प्रघात आता चांगला रुळला आहे. ‘डेथ नोट’मधील लाइट यागामी आणि एल, ‘बर्सर्क’मधील ग्रिफिथ आणि गट्स, ‘ड्रॅगन बॉल झी’मधील व्हेजिटा आणि गोकू अशी एखादी जोडी घ्यायची, त्यातल्या एकाला ‘अतिमानव’ म्हणायचे आणि दुसऱ्याला जुन्या नीतीचा राखणदार ठरवायचे, अशी या वाचनाची मळलेली वाट आहे. ही वाट सोपी आहे, पण बहुतेक वेळा ती नीत्शेपर्यंत पोहोचतच नाही.

फ्रीडरिश नीत्शे (१८४४–१९००) याने १८८२ च्या ‘द गे सायन्स’मध्ये भर उजेडात कंदील घेऊन बाजारात देव शोधणारा एक वेडा रंगवला. देव मेला, आणि आपणच त्याला मारले, असे तो सांगतो. ऐकणारे आधीपासूनच नास्तिक असतात, म्हणून ते हसतात. देव गेला की त्याच्या आधाराने उभी असलेली नीतीही ढासळते, हे त्या हसणाऱ्यांना उमगलेले नाही. नीत्शेचा रोख त्यांच्यावर आहे. १८८७ च्या ‘नीतीची वंशावळ’ या ग्रंथात तो पुढे जातो. सामर्थ्यवान माणूस आधी स्वतःला ‘होय’ म्हणतो. आतल्या आत सूड साचवणारा माणूस मात्र आधी शत्रूला ‘दुष्ट’ ठरवतो आणि त्यावरून स्वतःला ‘चांगला’ म्हणवतो. उदात्त माणसाला शत्रू हवा असतो तो आदर करण्याजोगा, ज्याच्यात तुच्छ वाटावे असे काही नाही असा. प्रतिस्पर्धी पात्रांच्या अभ्यासाला नीत्शेकडून काही घ्यायचे तर ते इथून घ्यावे. ‘अतिमानव’ या शब्दाने तितके काम होत नाही.

जपानला नीत्शे नवा नाही. ताकायामा चोग्यूच्या १९०१ च्या निबंधाने तिथे नीत्शेवर वाद पेटला, १९११ मध्ये इकुता चोकोने नीत्शेच्या ‘झरथुष्ट्र’चे भाषांतर केले आणि १९१३ मध्ये वात्सुजी तेत्सुरोचा नीत्शेवरील ग्रंथ आला. पण ज्या देवाच्या मरणाची वार्ता नीत्शे देतो, तो एकमेव आणि आज्ञा देणारा देव जपानी लोकजीवनात मुळात नव्हता. तिथले ‘कामी’ म्हणजे देव डोंगराचे, झऱ्याचे, गावाचे. मराठी वाचकाला हे चटकन कळावे. भिवंडी–वाडा रस्त्यावरच्या अंबाडीहून वज्रेश्वरी देवीकडे फाटा जातो. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर तिचे देऊळ बांधले गेले, असे सांगतात. असा देव नवसाला पावतो, रक्षण करतो. पापपुण्याची संहिता लिहून देणारा तो नव्हे. त्यामुळे ॲनिमेत एखादे पात्र स्वतःला देव म्हणवते तेव्हा ते आपल्या घरच्या देवाची जागा घेत नसते. बाहेरून आलेल्या न्यायाधीश-देवाच्या रिकाम्या खुर्चीवर त्याचा डोळा असतो.

त्सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता यांच्या ‘डेथ नोट’चे (मांगा २००३–०६, मॅडहाउसची ३७ भागांची मालिका २००६–०७) सारे नाट्य या खुर्चीभोवती फिरते. ज्याचे नाव लिहावे तो मरतो, अशी वही लाइटला सापडते आणि तो गुन्हेगारांना मारून नव्या जगाचा देव व्हायला निघतो. मालिकेच्या दुसऱ्याच भागात एक प्रसंग आहे. ‘एल’ असे नाव सांगणारा एक माणूस दूरदर्शनच्या पडद्यावर येतो आणि लाइटच्या कृत्याला दुष्टपणा म्हणतो. लाइट खवळतो, आपणच न्याय आहोत असे ओरडतो आणि त्या माणसाचे नाव वहीत लिहितो. मेलेला माणूस खरा एल, म्हणजे लाइटच्या मागावरचा गुप्तहेर, नसतो. तो मृत्युदंड झालेला कैदी असतो. प्रक्षेपण जपानच्या फक्त कांतो भागात झाले होते, त्यामुळे लाइट कुठे राहतो ते एलला एका फटक्यात कळते. डावपेचाची तारीफ सगळेच करतात, पण या प्रसंगात नीतीचेही बरेच काही उघडे पडते. ‘दुष्ट’ हा एक शब्द लाइटला सोसत नाही. गुन्हा, दोष आणि शिक्षा ही जुनी त्रयी त्याने जशीच्या तशी उचललेली आहे, फक्त फाशीचा दोर स्वतःच्या हाती घेतला आहे. ज्यांच्यात शिक्षा करण्याची ओढ प्रबळ असते त्यांच्यापासून सावध राहा, असे नीत्शेचा झरथुष्ट्र बजावतो. त्या कसोटीवर लाइट अतिमानव ठरत नाही. देव मेल्यावरही देवाची कचेरी चालू ठेवणारा तो पुरोहित आहे.

एलला तरी नीतीचा राखणदार म्हणता येईल का? तोही नाही. तो प्रकरणे हाती घेतो ती कोडी म्हणून, आणि हरणे त्याला खपत नाही. खरे उत्तर येते ते एलनंतर आलेल्या नियरकडून, मांगाच्या अखेरीस. देव आणि त्याची शिकवण समोर उभी राहिली तरी ती बरोबर की चूक हे आपण स्वतः विचार करून ठरवू, अशा आशयाचे तो बोलतो. मूल्ये स्वतः तोलण्याची ही जबाबदारी नीत्शेच्या सर्वांत जवळची आहे, आणि ती लाइटच्या तोंडी नाही, त्याला हरवणाऱ्याच्या तोंडी आहे. माणूस मेल्यावर कुठे जातो, तर शून्यात, सगळेच. मांगाच्या अखेरीस येणारा हा नियम लाइटच्या न्यायालयाचा पायाच काढून घेतो.

केंतारो मिउरा (मृत्यू २०२१) यांचे १९८९ मध्ये सुरू झालेले ‘बर्सर्क’ याहून खोल जाते. आपल्या स्वप्नापायी ग्रिफिथ साथीदारांचा बळी देऊन देवतुल्य होतो. त्याआधी तो राजकन्येला सांगतो की मित्र म्हणावा असा माणूस आपले स्वप्न स्वतः शोधणारा, बरोबरीचा असावा. साथीदार गट्स हे ऐकतो आणि मित्र होण्यासाठी त्याला सोडून जातो. त्या जाण्याने ग्रिफिथ मोडतो. बरोबरीचा शत्रू-मित्र हवा म्हणणाऱ्याला तो मिळाला तेव्हा पेलला नाही, यात नीत्शेचा मैत्रीविचार आणि त्याची शोकांतिका एकत्र आली आहे. मासिकात आलेल्या पण पुस्तकरूपात मिउरांनी वगळलेल्या ८३ व्या प्रकरणात देवाचीच उत्पत्ती सांगितली आहे: माणसांना आपल्या दुःखाला कारण हवे होते, त्या हवेपणातून तो जन्मला. माणसाला दुःखापेक्षा दुःखाची निरर्थकता अधिक छळते, हा ‘वंशावळी’चा शेवटचा सिद्धांत चित्रकथेत इतक्या थेटपणे क्वचितच उतरला असेल.

आता महाराष्ट्राच्या बाजूचा प्रश्न. नीत्शेने १८८८ मध्ये मनुस्मृती वाचली, ती लुई जाकोलिओच्या अविश्वसनीय फ्रेंच भाषांतरातून, आणि ‘द अँटिख्राइस्ट’मध्ये तिची वाखाणणी केली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले तो हाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’मध्ये नीत्शे आणि मनू यांना समोरासमोर ठेवले. हे लेखन महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. आंबेडकर दोघांचे नाते दाखवतात आणि तिथेच फरकही करतात. नीत्शेचा अतिमानव कर्तृत्वाने श्रेष्ठ आहे, तर मनूचा जन्माने. नीत्शे नवी मानवजात घडवू पाहत होता, तर मनू आधीच श्रेष्ठत्व बळकावून बसलेल्या वर्गाचे हक्क राखत होता. श्रेष्ठत्व जन्माचे की कर्तृत्वाचे, हा प्रश्न ॲनिमेला विचारला की चित्र एकदम पालटते.

व्हेजिटा सैयान जमातीचा राजपुत्र आहे, तर गोकू त्याच जमातीतला, पण जन्मतःच कमी शक्तीचा ठरवून दूरच्या ग्रहावर धाडलेला. दोघांच्या पहिल्या लढाईत गोकू म्हणतो की खालच्या दर्जाचाही कष्टाने वरच्याला मागे टाकू शकतो. व्हेजिटा हे उडवून लावतो, आणि मालिकेच्या अखेरीस गोकूचे श्रेष्ठत्व मनोमन, द्वेषाशिवाय मान्य करतो. शत्रूचा आदर म्हणजे काय, याचे ॲनिमेतील हे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’त (मांगा १९९९–२०१४) प्रश्न अधिक धारदार आहे. ह्यूगा घराण्यात जुळ्या भावांपैकी आधी जन्मलेला मुख्य शाखेचा धनी होतो. क्षणभर मागून आलेला आणि त्याची संतती उपशाखेत जाते, आणि त्यांच्या कपाळावर असे चिन्ह कोरले जाते की मुख्य शाखा मनात येईल तेव्हा त्यांचा मेंदू नष्ट करू शकते. हे चिन्ह वागवणारा नेजी नशीब बदलत नाही म्हणतो. नारुतो त्याला हरवतो आणि ही रीत आपण बदलू असे वचन देतो. जन्माधारित गुलामीचे इतके स्पष्ट चित्र किशोरांसाठीच्या कथेत दुर्मीळ आहे. पण पुढे कथा स्वतःच माघार घेते. नारुतो चौथ्या होकागेचा, म्हणजे गावाच्या प्रमुखाचा मुलगा निघतो, तो आणि त्याचा प्रतिस्पर्धी सासुके प्राचीन भावांचे पुनर्जन्म ठरतात, नेजी युद्धात मरतो, आणि वचन पुरे झाल्याचे मूळ मालिकेत दिसत नाही. कर्तृत्वाचा दावा अखेर रक्तावर येऊन टेकतो. मराठी वाचकाला ही गोम ओळखीची आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) घराघरात पोहोचवलेला कर्णही सूतपुत्र म्हणून हिणवला जातो आणि शेवटी कौंतेय निघतो. सूतपुत्र सूतपुत्र राहूनच श्रेष्ठ ठरावा, हे ना ते महाकाव्य पेलते ना ही मालिका.

समीक्षेची अवस्था मात्र पात्रांइतकी समृद्ध नाही. अंबाडीसारख्या गावातला मुलगा नारुतो हिंदीत, मोबाइलवर बघतो. नेजीच्या कपाळावरचे चिन्ह कशाचे आहे हे त्याला कुणी समजावून द्यावे लागत नाही, पण त्यावर मराठीत वाचायला त्याला फारसे काही मिळत नाही. जे मिळते ते अतिमानवाच्या जयघोषापाशी थांबते. मराठी समीक्षकांनी ‘वंशावळ’ आणि आंबेडकरांचा तिसरा खंड शेजारी ठेवून या मालिका बघाव्यात आणि प्रत्येक विजेत्याला दोन प्रश्न विचारावेत: हे श्रेष्ठत्व त्याने मिळवले की जन्मासोबत आणले, आणि त्यासाठी बळी कुणाचा गेला?