‘कॅरल’ : एका शब्दाचा फेर

डिसेंबर उजाडला की आपल्या धर्मग्रामांत ‘कॅरल’ हा शब्द घरोघरी ऐकू येऊ लागतो. नाताळात म्हटले जाणारे कोणतेही गीत म्हणजे कॅरल, असे आपण गृहीत धरतो. हा अर्थ चुकीचा नव्हे. परंतु तो उशिराचा आहे, आणि आपल्या मराठी गीतरचनेचे काहीसे नुकसान त्यानेच केले आहे, असे आमचे मत आहे.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘कॅरोल’वरून आला. त्याचा अर्थ हात गुंफून धरलेला फेर आणि त्या फेराबरोबरचे गाणे. त्याच्याही मागे काही विद्वान लॅटिन ‘कोराउला’, म्हणजे समूहनृत्याला बासरीची साथ करणारा, येथवर जातात. याविषयी मतभेद आहेत. ‘कॉयर’ व ‘कोरस’ हे शब्द मात्र निःसंशय ग्रीक ‘खोरोस’ची अपत्ये, आणि खोरोस म्हणजे समूहनृत्य. बाकांमागे ताठ उभ्या राहणाऱ्या आमच्या गायकवृंदांना हे बहुधा रुचायचे नाही!

मध्ययुगात फेराचा म्होरक्या कडवे म्हणे आणि फेर धरणारे ध्रुपद उचलीत. इंग्रजी कॅरल ओळखले जाई ते याच घडणीवरून. विषय नाताळच हवा असा दंडक नव्हता. ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनी अशा नाचगाण्यांचा वेळोवेळी निषेध केला, तरी पंधराव्या शतकात याच घाटात ख्रिस्तजन्माची गीते बहरली. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळचा सणच रद्द ठरवला. पुढे १८२२ मध्ये डेव्हिस गिल्बर्ट व १८३३ मध्ये विल्यम सँडिस यांनी जुनी कॅरले संग्रहित केली, तोवर नाच गळून पडला होता. १८१८ साली ऑस्ट्रियात प्रथम गायिलेले ‘सायलेंट नाइट’ आपण कॅरलांचा मुकुटमणी मानतो. त्याला तर स्वतंत्र ध्रुपदच नाही.

आता आपल्याकडे पाहू. चिपळूण तालुक्यातील अलोरे म्हटले की लोकांस कोयना प्रकल्पाची वसाहत आठवते. परंतु हा सारा मुलूख जाखडीचा आहे. मध्ये गाणारे आणि ढोलकीवाला, भोवती पायात घुंगरू बांधून फेर धरणारे गडी, कडव्यामागून ध्रुपदाची झेल. जुन्या फ्रेंच गावकऱ्याला ती दाखवली असती तर त्याने तिला बेधडक ‘कॅरोल’ म्हटले असते. दोहोंत ऐतिहासिक नाते आहे असा आमचा दावा नाही. घाट एक आहे, एवढेच.

आणि हा घाट सोडून आपण काय करतो? इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबतो. इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी शब्द ऱ्हस्वदीर्घावर. मग मात्रा भरण्यासाठी ‘बाळ’ ओढला जाऊन ‘बाळा’ होतो, आणि ज्याच्याविषयी सांगायचे त्यालाच हाक मारली जाते. अर्थ बिघडला तरी चाल सांभाळावयाची, ही उलटी रीत आहे. त्याला ‘नाताळगीत’ हे नाव दिल्याने ते मराठी होत नाही. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला आहे.

वास्तविक १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक घोषणापत्राने, त्याच्या ११९ व्या परिच्छेदात, त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच्याही साडेतीनशे वर्षे आधी फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे करून दाखविले. ते जन्माने इंग्रज, कॅरलच्या देशातले. १५७९ साली ते गोव्यास आले. १६१६ साली छापलेल्या आपल्या ख्रिस्तपुराणात ख्रिस्तजन्माची कथा सांगताना त्यांनी घेतली ती ओवी. मात्र ओवी एकाने वाचावी आणि इतरांनी ऐकावी. तिला ध्रुपद नाही, म्हणून सभेला तीत शिरकाव नाही. ती उणीव जाखडीची चाल भरून काढू शकेल, आणि तीत ‘बाळ’ हा ‘बाळ’च राहील.