रेच्याचा आवाज कोण लिहिणार?

ओस पडलेला कारखाना कलावंताला खुणावतो. जर्मनीतील बेर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून अनेक दशके भट्ट्या, पाण्याच्या टाक्या आणि खाणींचे मनोरे छायाचित्रांत टिपले. त्या छायाचित्रांत माणूस दिसत नाही, इमारतच नायक. आपल्या मराठीत मात्र गिरणी ही आधी माणसांची गोष्ट आहे.

मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यानंतरची पडझड जयंत पवार यांनी ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात मांडली. तिथे गिरणी दिसत नाही, दिसते ते कामगाराचे घर. नाटकाचे बळ नेमके त्यातच आहे. त्याआधी बार्शीच्या गिरणीत राबलेल्या शाहीर अमर शेखांनी गिरणगावाला आवाज दिला होता.

मग वऱ्हाडाचे काय? इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून हा कापसाचा मुलूख ताब्यात घेतला. पुढे गावोगाव जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. अकोल्याची सावतराम मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल १९७४ मध्ये सरकारकडे आल्या, तरी बंद पडल्याच. अचलपुरात नंतर आलेली फिनले मिलही २०२० च्या टाळेबंदीत थांबली.

वऱ्हाडी कवितेने कापूस पिकवणारा शेतकरी लिहिला, त्याचे कर्ज लिहिले, त्याचे मरणही लिहिले. पण कापसाची गाडी जिनच्या फाटकातून आत गेली की बहुतेक कविता बाहेरच थांबते. रेच्यावरचा मजूर, सरकी उपसणाऱ्या बाया, गाठी वाहणारा हमाल आणि छातीत साचणारी रुई तिच्यात क्वचितच येते.

भिंतीत उगवलेला पिंपळ, फुटक्या काचा, थंड धुराडे ही चित्रे देखणी खरी. परंतु मिल काही आपोआप ओस पडत नाही. कुणीतरी ती बंद करतो, कुणाची तरी रोजी जाते. हे न सांगणारी कला भग्नतेची नुसती सजावट ठरते.

अकोला-अमरावतीच्या मोहल्ल्यांत आणि वस्त्यांत भोंग्यावर दिवस मोजलेली माणसे आता थकली आहेत. आपल्या नव्या लेखकांनी पडक्या भिंतीचे वर्णन करण्याआधी त्यांच्याजवळ बसावे. इमारत आणखी काही वर्षे उभी राहील. त्यांच्या तोंडची भाषा तेवढी थांबणार नाही.