दोष तारेचा नव्हे

नव्या मोटारीचा ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी लगेच उचल घेत नाही, ही तक्रार गोंदिया जिल्ह्यात वरचेवर ऐकू येते. आमगावहून देवरीकडे जाताना धानाने भरलेला ट्रॅक्टर ओलांडायचा असेल, तर ती केवळ तक्रार राहत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने अर्ध्या सेकंदात गाडी आठ मीटरांहून अधिक पुढे जाते.

या उशिराचे कारण सांगताना ‘पूर्वी केबल होती, आता वायर आली, म्हणून गाडी मंद झाली’ असे म्हटले जाते. हे स्पष्टीकरण आम्हाला मान्य नाही. तारेतून संकेत जायला लागणारा वेळ नगण्य असतो. पेडलजवळचे दोन संवेदक त्याची स्थिती विद्युतदाबाच्या रूपात संगणकाला कळवतात. दोन्हींचा मेळ बसला तरच संगणक त्यांवर विश्वास ठेवतो. मग एक छोटी मोटर हवेच्या वाटेतील झडप फिरवते. यात सेकंदाचा दहावा भाग, फार तर थोडा अधिक वेळ जातो. (पेट्रोल इंजिनात पाय पेट्रोल नव्हे, हवा वाढवतो. वर्गात हे आवर्जून सांगावे.)

उरलेला उशीर बराचसा मुद्दाम ठेवलेला असतो. झडप एकदम उघडली तर हवा आधी आत शिरते, इंधनाचा काही भाग नळीच्या भिंतीवर रेंगाळतो, आणि हवा व पेट्रोल यांचे सुमारे १४.७ ला १ हे प्रमाण बिघडते. ते बिघडले की धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक नीट काम करीत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ निकषांत याला फारशी सवलत नाही. शिवाय एकाएकी जोर आला तर गाडीला हिसके बसतात. क्लच दाबल्यावर इंजिनाचे फेरे लगेच उतरत नाहीत, त्यामागेही बव्हंशी हाच धूर सांभाळण्याचा हिशेब असतो.

बाजारात यावर एक डबी मिळते. ती पेडल आणि संगणक यांच्यामध्ये बसते आणि पाव दाबलेले पेडल अर्धे दाबले असे भासवते. म्हणजे उशीर तितकाच राहतो, फक्त मागणी फुगते. तेवढे काम पाय फुकटात करतो! वर गर्दीत गाडी हळू चालवताना पायाचा नेमकेपणा जातो तो वेगळाच. असल्या डबीला ‘उशीर घालवणारी’ म्हणणे आम्हाला दिशाभूल वाटते.

शंका असेल त्यांनी रिकाम्या, सरळ रस्त्यावर अनुभवी चालकाकडून एक प्रयोग करवून घ्यावा. ताशी ६० ला आधी पाचव्या, मग तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबावा. तार तीच, पण तिसऱ्यात गाडी चटकन उचलते. मिनिटाला १५०० फेऱ्यांना इंजिनाचे एक पूर्ण चक्र ८० मिलिसेकंदांचे, ३००० ला ४०. टर्बो असेल तर फरक आणखी जाणवतो, कारण कमी फेऱ्यांवर त्याचे चाक वेग घ्यायला वेळ घेते.

म्हणून ओलांडण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, आणि क्लच सुटत असतानाच ॲक्सिलरेटर हलकेच दाबू लागावे. गाडी अलीकडेच मंद झाली असेल, तर झडपेवर साचलेली काजळी तपासून घ्यावी.