चाळीस चोर आणि एक पत्ता

रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतील लोकपाल कार्यालयाने २०२२ साली ‘राजू अँड द फोर्टी थीव्हज’ ही सचित्र पुस्तिका काढली. साधाभोळा राजू, फसवणुकीच्या चाळीस गोष्टी आणि त्यांना जोडून ‘हे करा, हे करू नका’. गोष्टी आखूड, चित्रे बोलकी. सरकारी छापील साहित्यात हे गुण सहसा सापडत नाहीत. नववीच्या वर्गात ती जरूर वाचून दाखवावी. तरीही तिच्याविषयी आमची एक तक्रार आहे.

पुस्तिका चोरांच्या युक्त्या सांगते. त्या चालतात कशा, हे सांगत नाही. फिशिंगचेच घ्या. ‘अनोळखी लिंक उघडू नका’ हे मुलांना पाठ होते. पण चोर अनोळखी म्हणून येतच नाही, तो बँकेच्या नावाने येतो. अशुद्धलेखनावरून बनावट पत्र ओळखा, हा सर्वत्र दिला जाणारा सल्लाही आता निकालात निघाला. संगणक निर्दोष मराठी लिहून देतो (आमच्यापेक्षा शुद्ध, म्हणा ना!).

ई-मेलवर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव हे पाकिटामागे लिहिलेल्या नावासारखे असते. लिहिणारा वाटेल ते लिहू शकतो. १९८२ साली ई-मेल पोहोचवण्याचे नियम ठरले, तेव्हा त्यांत पाठवणारा खरा कोण हे पडताळण्याची सोयच नव्हती. पुढे तपासण्या आल्या, पण त्या पत्त्याच्या, दर्शनी नावाच्या नव्हेत.

मग लिंक कशी वाचायची? आमचे एक शिक्षक स्नेही जालन्यात मस्तगडला राहतात. ‘मस्तगड, जालना’ असे लिहिले की पत्र जालन्याला जाते. कोणी ‘मस्तगड, जालना, लातूर’ असे लिहिले तर? टपाल वेगळे करणारा शेवटचे गाव पाहतो आणि पत्र लातूरच्या थैलीत टाकतो. संकेतस्थळाचे नावही असेच शेवटाकडून वाचायचे. सुरुवातीचे ‘एचटीटीपीएस’ आणि दोन तिरक्या रेघा सोडाव्यात, पुढची तिरकी रेघ येईल तिथे थांबावे आणि मागे यावे. ‘अमुक.बँक.इन’ हे बँकेचे. ‘अमुक.बँक.इन.खातेतपासणी.कॉम’ हे मात्र ‘खातेतपासणी.कॉम’ ज्याने घेतले त्याचे! ‘बँक.इन’ हे शेपूट फक्त बँकांनाच मिळते. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्याखाली या, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. पत्त्याशेजारच्या कुलपावर मात्र विसंबू नये. वाटेत कोणी वाचत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे चोर असला तर त्याच्याशीही गुप्तपणेच बोलणे होते.

यात शिक्षकाचा पगार पणाला लागतो. ग्राहकाने आपणच गुप्त आकडे सांगितले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात होते. म्हणून फसल्याचे कळताच लाजत न बसता बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत एका पानावर नुसते दहा पत्ते छापावेत. खरे कोणते, खोटे कोणते, हे मुलांनी ठरवावे. उत्तरे मात्र शेवटी देऊ नयेत.