सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी?

दिवाळी आली की फराळाच्या डब्यांशेजारी अंकांची चळत येऊन पडते, आणि तिच्यामागोमाग एक जुना वादही घरात शिरतो. एक पक्ष म्हणतो, अंकात कथा हवी, कविता हवी, हास्यचित्रे हवीत, वर्षभविष्य हवे. आजीला आणि नातवाला दोघांनाही त्यात आपले पान सापडले पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, ही नुसती भेळ झाली. अंकाला स्वतःचा असा काही चेहरा हवा की नको? वाचणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न चवीचा. परंतु जो माणूस स्वतःच्या खिशातले पैसे घालून नवे काही काढू पाहतो, त्याची सारी पुंजी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

माझे काही जुने विद्यार्थी हल्ली मराठी संकेतस्थळ काढू म्हणतात. कागद नाही, छपाई नाही, टपालखर्च नाही. मग विषयांना मर्यादा तरी कशाला घालायची, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या आराखड्यात कविता, पाककृती, शेअरबाजार, किल्ले, आरोग्य आणि बालविभाग असे सर्व काही असते. वाचक कोण, असे विचारले की उत्तर येते, "सगळीच मराठी माणसे." उत्तर मोठे उदार आहे, पण ते उत्तर नव्हेच, असे माझे मत आहे. साधन नवे असले तरी प्रश्न नवा नाही. मराठी नियतकालिकांनी तो पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ सोडवला आहे, कधी यशाने, कधी अपयशाने.

आरंभच पाहा. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. इकडच्या लोकांना पाश्चात्त्य विद्येची गोडी लागावी आणि इंग्रजांना इकडच्या लोकांचे मन कळावे, असा दुहेरी हेतू. हेतू थोरच होता. परंतु एका पानावर दोन वाचक बसवले की लेखकाची मान सारखी इकडून तिकडे वळत राहते. १८४० साली 'दर्पण' थांबले. पत्र थांबण्याची कारणे अनेक असतात, ती मी एका कारणावर ढकलणार नाही. मात्र त्याच साली बाळशास्त्र्यांनी 'दिग्दर्शन' मासिक काढले, ते मराठी वाचकासाठी आणि त्यातही भूगोल, इतिहास, शास्त्रे शिकू पाहणाऱ्यासाठी, ही गोष्ट बोलकी आहे. पुढे १८८१ च्या जानेवारीत चिपळूणकर, टिळक, आगरकर या मंडळींनी तर तो पेच मुळातच सोडवला. मराठी वाचकाला 'केसरी', इंग्रजी वाचकाला 'मराठा'. दोन वाचक, दोन पत्रे.

यापेक्षाही धाडसाचे उदाहरण जळगावचे आहे. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली 'काव्यरत्नावली' सुरू केली. केवळ कवितेला वाहिलेले मासिक, आणि तेही मुंबई-पुण्यापासून इतक्या दूर! व्यवहारी माणसाने कपाळाला हात लावावा, अशीच ही कल्पना. पण ते मासिक १९३५ पर्यंत चालले. केशवसुतांसारख्यांची कविता त्यात आली. त्याच जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरले आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे या तरुणाला 'बालकवी' हे नाव तेथेच मिळाले. पाककृती आणि बाजारभाव घातले असते, तर फडणिसांना कदाचित आणखी शंभर वर्गणीदार मिळाले असते. कवींना मात्र हे आपले घर आहे असे वाटले नसते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. क्षेत्र निवडा म्हटले की लोक विषय निवडतात. विषय निवडणे सोपे असते. निवडायचा असतो तो वाचक. 'किल्ले' हा विषय झाला. 'मुलांना घेऊन पहिल्यांदाच गडावर निघालेले आईबाप' हा वाचक झाला. तो डोळ्यांसमोर आला की काय लिहायचे हे आपोआप ठरते. पाणी कोठे मिळेल, पायऱ्या किती उंच आहेत, पाऊस आला तर कोठून माघारी फिरावे. आणि तोच गड मोडी कागदांतून शोधणारा अभ्यासक समोर बसवला तर लेखातील एक ओळही तीच राहणार नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला हे लवकर कळते. मी ही हकीकत कोणाला सांगतो आहे, हे ठरेपर्यंत पहिले प्रकरण हलत नाही.

वाचक ठाऊक असण्याचे बळ किती असते, ते 'किर्लोस्कर'च्या इतिहासात दिसते. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती एका कारखान्याचे पत्रक म्हणून, कारखान्याशी संबंध असलेल्या माणसांसाठी. तिचे नाव आणि रूप पुढे बदलले, वाचक वाढले. परंतु वाचक वाढले म्हणून त्यांनी सर्वांना एकाच खोलीत कोंबले नाही. १९३० साली 'स्त्री' निघाले, १९३४ साली 'मनोहर'. अनंत अंतरकरांनीही 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' यांचे स्वभाव वेगळे ठेवले. विनोदासाठी 'मोहिनी' उघडणाऱ्याला 'नवल'मधली भीती नको असते, हे त्यांनी ओळखले होते. आधी एक दार नीट बांधावे, मग दुसरे, हा तो क्रम.

पण वाचक निवडणे ही निव्वळ व्यापारी युक्ती समजू नये. त्याच १९२० सालच्या ३१ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. नफ्यातोट्याचा विचार केला तर हा वाचक कोणीच निवडला नसता. ज्यांच्यासाठी पत्र, त्यांतल्या फार थोड्यांना अक्षरओळख. वर्गणी भरण्याची ऐपत त्याहूनही थोड्यांची. 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडले. तेव्हा वाचक वेचला की पत्र चालतेच, असे मी म्हणणार नाही. परंतु १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले ते त्याच वाचकासाठी. 'सर्वांसाठी' निघालेल्या पत्रांच्या 'सर्वां'त ही माणसे सहसा मोजलीच जात नव्हती. 'सर्व' या शब्दाचा हाच मोठा दोष आहे. तो उच्चारला की कोण बाहेर राहिले, हे पाहण्याची गरज उरत नाही.

आता कोणी म्हणेल, मग हा दिवाळी अंक तरी कोणासाठी? तोही सर्वांसाठीच ना? मला तसे वाटत नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चांगल्या दिवाळी अंकाचा वाचक ठरलेला आहे. तो म्हणजे एक घर. चार दिवस सवड असलेले, एकच अंक आळीपाळीने हातात घेणारे. आजीचे पान आणि नातवाचे पान त्या एकाच घरातले असते. ज्या अंकाला हे घर दिसत नाही आणि नुसत्या जाहिराती दिसतात, तो अंक भेळ होतो.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी तीन गोष्टी विचारतो. तुमच्या वाचकाला वर्षभर पुरतील असे बारा लेख आज कागदावर मांडता येतात का? तो वाचक आज आपली अडचण घेऊन कोणाकडे जातो, आणि तेथे त्याला काय मिळत नाही? आणि एखादा उत्तम लेख आला, पण तो तुमच्या वाचकाचा नसला, तर 'साभार परत' म्हणण्याचे धैर्य तुमच्यात आहे का? पहिल्या दोहोंची उत्तरे मुले चटकन देतात. तिसऱ्यापाशी अडखळतात. अडखळावेच. जुन्या संपादकांचीही खरी कसोटी तेथेच लागत असे, आणि अंकाचा चेहरा जितका छापलेल्या मजकुराने घडतो, तितकाच परत पाठवलेल्या मजकुरानेही घडतो.