मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा

चित्रातल्या माणसाने आपल्याकडे पाहिले पाहिजे, ही आपली जुनी अपेक्षा. रविवर्मा यांच्या छापील चित्रांनी ती घराघरांत पक्की केली. १८९४ साली मुंबईत निघालेला त्यांचा छापखाना पुढे आमच्या पुणे जिल्ह्यात, मळवलीला आला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती पाहणाऱ्याला समोरून दर्शन देतात.

फ्रेंच चित्रकार ओदिलाँ रेदाँ (१८४०-१९१६) याचे माध्यमही शिळाछापच. पण १८९० सालच्या त्याच्या 'मिटलेले डोळे' या चित्रातला चेहरा आपली दखलसुद्धा घेत नाही. मान किंचित कललेली, खांद्यांखाली एक आडवी रेघ. तिला पाणी म्हणा की क्षितिज. बाई की पुरुष, तेही चटकन ठरत नाही.

शिळाछाप आम्हा उर्दूवाल्यांना परका नाही. कातिब तेलकट शाईने कागदावर लिहायचा, ते शिळेवर उतरायचे आणि त्यावरून किताब छापली जायची. रेदाँही पुष्कळदा तेलकट खडूने कागदावर काढून ते शिळेवर उतरवून घेई. ही युक्ती त्याला फाँताँ-लातूर या चित्रकाराने सांगितली होती. या चित्रात खडूचा दाणा दिसतो तो असा. गालावर तो इतका विरळ आहे की कोरा कागदच उजेड होतो.

याच नावाचे, त्याच साली केलेले तैलचित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बोलबाला त्याचाच अधिक. दोन्ही आम्ही पाहिली ती पुस्तकांतल्या छापांतून. तरी आमचे माप शिळाछापाच्या पारड्यात. रंगांत हा चेहरा स्वप्नाळू होतो, खडूत तो जागा राहतो.

प्रतीकवादी चित्रकार म्हटला की टीकाकार लगेच अर्थ लावू लागतात: ही झोप, हा मृत्यू, हे स्वप्न. आम्हाला ते पटत नाही. झोपलेल्याची मान अशी तोलून राहत नाही. हे माणूस काहीतरी ऐकते आहे, नाहीतर आठवते आहे.

वर्गात आम्ही दिवसातून वीसदा ओरडतो, "इधर देखो!" सातवीतली एक मुलगी नज्म ऐकताना डोळे मिटून बसायची. झोपली समजून आम्ही तिला उभे केले. तिने ऐकलेल्या चारही ओळी बिनचूक म्हणून दाखवल्या. आम्ही "बैठो" म्हणालो, बस्स. हे चित्र पाहण्यात आले तोवर ती शाळा सोडून गेली होती.