कृती आणि रचना : काड्यांच्या प्रतिकृतींची चिकित्सा

शिक्षणात हाताच्या कामास स्थान असावे, हा विचार १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेपासून महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. तथापि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याने हाताने वस्तू केली म्हणजे तिची रचनाही त्यानेच केली, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. या दृष्टीने अरविंद गुप्ता यांचे ‘मॅचस्टिक मॉडेल्स अँड अदर सायन्स एक्सपेरिमेंट्स’ हे पुस्तक चिकित्सेस विशेष योग्य आहे. कारण त्याची मर्यादा त्याच्या गुणातूनच उद्भवलेली आहे.

या पुस्तकाची पार्श्वभूमी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाची आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातील १६ शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी तो सुरू झाला. मूळचे अभियंता असलेले गुप्ता १९७८ मध्ये त्याच्याशी निगडित झाले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढेच त्यांच्या प्रतिकृतींचे साहित्य. नळीच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या सारल्या की सांधा होतो. तो सुईने टोचून तिसरी काडी घातली की तीन काड्यांचा सांधा सिद्ध होतो. येथे साधनाची स्वस्ताई हा गौण गुण होय. मुख्य गुण असा की, हा सांधा लवचिक असल्यामुळे आकृतीची दृढता सांध्याच्या मजबुतीवर अवलंबून राहत नाही. ती केवळ मांडणीतून प्रकटते. पंचकोन दाबला की नावेसारखा होतो, चौरसाचा समभुज चौकोन होतो, त्रिकोण मात्र ढळत नाही. स्थापत्याचे एक मूलतत्त्व इतक्या निर्मळपणे बोटांना कळावे, हे यश सामान्य नव्हे.

परंतु याच ठिकाणी पुस्तक थांबते. त्रिकोण दृढ असतो आणि म्हणून छपराच्या कैच्यांत, पुलांत व विजेच्या मनोऱ्यांत तो आढळतो, हा निष्कर्ष वाचकास सांगितला जातो. घनाचे उदाहरण घेतले असता काय निसटते ते स्पष्ट होईल. घनास १२ काड्या व ८ सांधे लागतात आणि तो डुगडुगतो. मॅक्सवेलने १८६४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार ८ सांध्यांच्या दृढ सांगाड्यास १८ काड्या हव्यात. म्हणजे आणखी ६. प्रत्येक पृष्ठावर दोहोंपैकी कोणताही एक कर्ण बसवला तरी चालते. म्हणजे नुसत्या या रीतीनेच ६४ मांडण्या संभवतात. कर्ण मात्र बाजूच्या सुमारे १.४ पट लांब असल्याने आगपेटीची काडी पुरत नाही आणि तीन काड्यांचा सांधाही अपुरा पडतो. लांब काडी कोठून आणावी, सांधा कसा बदलावा, कोणती मांडणी कमी खटपटीची, हे प्रश्न उभे राहतात तेथेच रचनेचा आरंभ होतो. कृतीच्या पायऱ्या क्रमाने देणारे पुस्तक विद्यार्थ्यास या उंबरठ्यापर्यंत आणते आणि परत पाठवते.

यावर असा आक्षेप येईल की, त्याच कार्यक्रमाच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात उत्तरे छापलेलीच नव्हती. आक्षेप रास्त आहे. पण तेथील शोध निसर्गनियमाचा होता, आणि असा शोध अखेर एका निष्कर्षापाशी विसावतो. रचनेत मात्र उत्तरे अनेक असतात व त्यांत निवड करावी लागते. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने ही उणीव दुसऱ्या बाजूने भरून काढली. तेथील मूलभूत तंत्रज्ञानाच्या शिक्षणात गावाच्या उपयोगी पडणारे काम हाच अभ्यास असल्याने वस्तूची परीक्षा वापरणारा करतो.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला; पुस्तक मात्र अनेक भाषांतून वाचले जात आहे. म्हणूनच त्याच्या वापराचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आखणारा एक आणि घडवणारा दुसरा, ही आपल्या समाजातील जुनी विभागणी आहे. ज्या वर्गात मुले केवळ दाखवलेली प्रतिकृती बिनचूक उतरवतात, तेथे ती विभागणी काड्यांच्या रूपाने कायम राहते. शिक्षकाने शेवटची आकृती झाकून ठेवून डुगडुगणारा घन तेवढा पुढे ठेवला, तर त्याच पुस्तकातून ती मोडण्यास प्रारंभ होऊ शकतो.